औषधकंपनीची रोकड आणि आमचा उघडा पट्टा

माझ्या नवऱ्याचं गावात औषधांचं दुकान आहे आणि औषधकंपन्यांबद्दल त्याची मतं ठाम आहेत. ती त्याने वर्षानुवर्षं गोळ्यांची पाकिटं हाताळून बनवलेली आहेत. जिच्या पाकिटातली गोळी अंगठ्याने दाबली की टपकन बाहेर येते ती चांगली कंपनी. जिच्या पाकिटाला कात्री लावावी लागते ती वाईट. जिचा एमआर, म्हणजे बॅग घेऊन दुकानोदुकानी हिंडणारा माणूस, चहाला बसतो ती भक्कम. जिचा एमआर मोटारसायकल बंद न करताच बोलतो ती डळमळीत. आणि जाड कागदाचं कॅलेंडर देणाऱ्या कंपनीबद्दल तर तो माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतो.

मी दुकानात बसत नाही. माझ्याकडे वाडी आहे, पाहुण्यांसाठी काढलेल्या घरामागच्या खोल्या आहेत, आणि सासूबाई आहेत. एका बाईला एवढं पुरे.

वाडी नारळ-पोफळीची. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. हे सांगावं लागतं, कारण पाहुणे त्याला बारीक झालेला माड समजतात. काही वर्षांपूर्वीच्या वादळाने निम्मी वाडी आडवी केली. आतल्या बाजूला आम्ही पुन्हा रोपं लावली. रस्त्याकडच्या पट्ट्यात नाही लावली. आधी पैसे संपले, मग उमेद संपली, आणि नंतर त्या जागेकडे न बघायची सवय झाली. तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहत, चादरी वाळत, आणि शेजाऱ्यांची गाय हक्काने बसायची.

त्या पट्ट्याबद्दल तक्रार करणारा एकच माणूस होता, आमची सुपारी उतरवणारा. पोफळीवर एकदा चढलं की तो खाली येत नाही. शेंडा झुलवतो, शेजारची पोफळ पकडतो आणि वरच्या वर पलीकडे जातो. झाडं जवळ जवळ असतात म्हणून हे जमतं. वादळाने मध्येच भगदाड पाडल्यावर त्याला अलीकडे उतरून, पट्टा चालून, पलीकडे पुन्हा चढावं लागायचं.

"वैनी, ह्या भोकानं माजा जीव खाल्लाय," तो म्हणाला. "त्याचे पैशे येगळे लावीन हां."

"जिथे झाडच नाही तिथले पैसे?"

"झाड न्हाय म्हणूनच तर लावतो."

आणि त्याने खरोखर लावले. मीही दिले, कारण सुपारी काही माझ्या हाकेने खाली येत नाही.

मग त्या पट्ट्यावर मुंबईच्या एका गृहस्थांची नजर पडली. आमच्याकडेच उतरले होते. सकाळी चहाचा कप घेऊन गाईच्या शेजारी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथे बंगला बांधावा आणि सकाळी उठून काहीच करू नये." किंमत चांगली सांगितली. येत्या रविवारी विसाराचे पैसे घेऊन येतो म्हणाले.

मला स्वतःला विकायला हरकत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. जमीन आई असते वगैरे मला वाटत नाही. जमीन म्हणजे पाणी घालायचं काम. त्या पट्ट्याच्या पैशांतून खोल्यांचे पत्रे बदलता आले असते.

पण नवऱ्याचा बेत वेगळा होता. त्याला सगळे पैसे एका औषधकंपनीच्या शेअरमध्ये घालायचे होते. तीच ती जाड कॅलेंडरवाली.

"पोफळ लावली तर सुपारी दिसायला वर्षं जातात," तो म्हणाला. "शेअर रोज वाढतो."

"रोज?"

"बहुतेक रोज."

आता खरी अडचण अशी की पट्टा सासूबाईंच्या नावावर. नवऱ्याने त्यांच्यापुढे बसून शेअरबाजार समजावला. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"काय गो, कंपनी बरी हाय का?"

"मला काय माहीत?"

"मग माहीत करून घे. रविवारच्या आधी. तू बरी म्हणालीस तर सही करते. हा काय, याला कॅलेंडर दिलं की झालं."

नवरा दुखावला. पण सही त्याच्या हातात नव्हती. आणि माझ्या बाबतीत म्हणाल तर, उद्या पैसे बुडाले असते तर सासूबाई "सून बरी म्हणाली होती" हे वाक्य शेजारपाजारच्या प्रत्येक ओटीवर पोचवून आल्या असत्या. म्हणजे पट्टाही माझ्या गळ्यात आणि कंपनीही.

नवऱ्याने झेरॉक्सवाल्याकडून कंपनीच्या वार्षिक अहवालाची काही पानं छापून आणली. सोबत तुलनेसाठी दुसऱ्या एका कंपनीचीही, तिच्या पाकिटाला कात्री लागते ती. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. गुंतवणुकीच्या कामातून आलेली-गेलेली रोकड.

"हे बघ. आपल्या कंपनीचा आकडा उघडा आहे. म्हणजे ही औषधं विकून कमावतेच, वर गुंतवणुकीतूनही कमावते. आणि ही दुसरी बघ. कंसात. सगळं कंसात."

"कंस म्हणजे?"

"म्हणजे गेलं. बुडालं."

दुकानाच्या वहीत तो मुदत संपलेल्या औषधांभोवती कंस करतो. त्यामुळे कंस दिसला की त्याला वास यायला लागतो.

मला ते पटलंही असतं. पण मागच्या खोलीत तेव्हा पुण्याचं एक जोडपं उतरलेलं होतं, आणि त्यातली मुलगी मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासायच्या नोकरीत आहे हे तिच्या फोनवरच्या भांडणांतून साऱ्या वाडीला कळलेलं होतं. दुपारी ती जेवायला बसली तेव्हा मी पानं घेऊन गेले.

"काकू, नाही हं," ती पानं बघूनच म्हणाली. "मी सुट्टीवर आलेय. इथे कुणी मला आकडा दाखवला तर मी समुद्रात उडी मारेन."

"आत्ता ओहोटी आहे. बरंच चालावं लागेल," मी म्हटलं आणि तिच्या ताटात उकडीचा मोदक ठेवला. "तूप?"

"हो."

तूप वाढलं आणि वाटीशेजारी पान ठेवलं. तिने मोदक फोडला, सुस्कारा टाकला आणि बोट पुसून पान ओढून घेतलं.

"ही रोकड आहे, काकू. नफा नाही. वर्षभरात कंपनीच्या हातात पैसे कुठून आले आणि हातातून कुठे गेले, एवढंच हे सांगतं. पहिला भाग रोजच्या धंद्याचा. औषधं विकली, पगार दिले, कच्चा माल घेतला, उरलं काय. शेवटचा भाग कर्ज घेतलं-फेडलं, शेअरवाल्यांना किती पैसे वाटले, त्याचा. आणि मधला हा गुंतवणुकीचा. पुढे वर्षानुवर्षं कामाला येईल अशी वस्तू घेतली की इथून पैसे जातात. विकली की येतात. गेले ते कंसात, आले ते उघडे."

"म्हणजे कंस म्हणजे बुडाले असं नाही?"

"नवा कारखाना बांधला तर पैसे बाहेरच जाणार ना? मग कंसच येणार. औषधकंपनीला तर हे सतत करावं लागतं. यंत्रं, प्रयोगशाळा. नवं औषध विकायला यायला वर्षं जातात. कधी दुसऱ्या कंपनीचं चालतं औषध नावासकट विकत घेतात, तेही इथेच, कंसात."

"आणि हे एवढे मोठे आकडे? एवढ्याचं घेतलं आणि जवळपास तेवढ्याचंच विकलं, असं दिसतंय."

"ते फंड. हातात पडून असलेले पैसे थोडे दिवस फंडात टाकायचे आणि काढायचे. परत टाकायचे, परत काढायचे. आकडा फुगतो, पण होत काहीच नाही. इकडचं तिकडे."

हे मला लगेच कळलं. सासूबाई आपले पैसे तांदळाच्या पिंपातून उशीच्या अभ्र्यात, अभ्र्यातून देव्हाऱ्यामागे आणि तिथून परत पिंपात अशा हलवत असतात. बघणाऱ्याला वाटावं बाईची मोठी उलाढाल आहे.

"मग ते सोडून काय उरतं?" मी विचारलं.

तिने ताटाकडे बघितलं. ताट रिकामं होतं. मी आणखी मोदक आणले.

फंडांची उलाढाल सोडली तर ओळी थोड्याच उरल्या, आणि एकदा कसं वाचायचं ते कळल्यावर त्या मीच वाचल्या. एक कारखाना जमिनीसकट विकून आलेले पैसे. एका औषधाच्या नावाचे हक्क विकून आलेले पैसे. बँकेतल्या ठेवी मोडून आलेले पैसे. थोडं व्याज. आणि नव्या इमारती, नवी यंत्रं यांच्यासमोर कंसात एक आकडा, बाकीच्यांच्या मानाने इतका किरकोळ की मी आधी तो छपाईतला डाग समजले.

"म्हणजे ही कमावत नाहीये," मी म्हटलं. "ही घर विकतेय."

"असं एका वर्षावरून बोलू नका हं," ती घाईने म्हणाली. "निकामी कारखाना विकून चांगला घेणार असतील तर उत्तमच आहे. मागची वर्षं बघायला हवीत."

"तुझ्या मोबाइलवर निघतील?"

तिचा नवरा पलीकडे हात धुऊन उभा होता. तो म्हणाला, "काढ ना. नाहीतर संध्याकाळी आपल्याला पोहेच मिळतील."

तिने काढली. मागच्या वर्षी गोदाम विकलं होतं. त्याच्या मागच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीतला आपला हिस्सा. प्रत्येक वर्षी आकडा उघडा, आणि प्रत्येक वर्षी काहीतरी विकलेलं. नवं बांधल्याचं कुठे नाव नाही. कात्रीवाल्या कंपनीचं उलट. दरवर्षी कंस, दरवर्षी कुठेतरी बांधकाम, पण पहिल्या भागात औषधं विकून जे उरत होतं ते त्या कंसापेक्षा जास्त होतं.

"म्हणजे हिचं बांधकाम स्वतःच्या कमाईतून चाललंय," मी म्हटलं.

"दिसतंय तरी तसं. पण काकू, हिचे शेअर घ्या असं मी म्हणालेले नाही."

"नाही म्हणालीस. मोदक गार होतोय."

संध्याकाळी मी पाणी सोडायला वाडीत गेले. पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत करायला काही नसतं, म्हणून मी आमच्याच घराचं ते मधलं पान डोक्यात मांडून बघितलं. वादळ झालं त्या वर्षी काय झालं होतं? पडलेल्या माडांचे ओंडके विकले. गोठा पडला म्हणून म्हैस विकली. माळ्यावरची पितळी पातेली मोडीत गेली. माझ्या पाटल्या गेल्या. नवं काहीच घेतलं नव्हतं. म्हणजे ज्या वर्षी आम्ही छपरावर ताडपत्री टाकून राहत होतो, त्या वर्षी आमच्या गुंतवणुकीचा आकडा कसा ठसठशीत उघडा आला असता! नवऱ्याने बघितला असता तर आमचेच शेअर घेतले असते.

आणि रोपं लावली, पंप घेतला, खोल्या बांधल्या, त्या वर्षांना कंस.

मला हसायला आलं. गाय माझ्याकडे बघत राहिली.

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला फक्त एक विचारलं. "अहो, तुमच्या कंपनीचं ते पिवळ्या झाकणाचं खोकल्याचं औषध. अजून तीच कंपनी काढते ना?"

"हो तर. म्हणजे, हल्ली बाटलीवर दुसरंच नाव येतंय. छपाईची चूक असणार."

"सगळ्या बाटल्यांवर?"

तो भात कालवत राहिला.

"आणि चहाला बसणारा तो एमआर?"

"त्याची बदली झाली."

"दुसरा आला?"

"येईल."

"या वर्षीचं कॅलेंडर?"

सासूबाईंनी ताटावरून मान वर केली. "पातळ होतं," त्या म्हणाल्या. "मी फडताळात घातलंय. मागचं बरं होतं, डब्याचा डाग पलीकडे जात न्हवता."

बिचाऱ्याला सगळं आधीच माहीत होतं. त्याच्याच गल्ल्यावर, त्याच्याच डोळ्यांसमोर ती कंपनी एक एक वस्तू विकत होती. फक्त त्याचं त्या कंपनीवर प्रेम होतं, आणि प्रेम असलं की माणूस छपाईला दोष देतो.

रविवारी ते गृहस्थ विसार आणि पेढे घेऊन आले. झोपाळ्यावर बसले. सासूबाई धुवट लुगडं नेसून, चष्मा लावून तयार होत्या. सहीचं पेन नवऱ्याने दुकानातून आणलं होतं, त्याच कंपनीचं.

"काय गो," सासूबाई म्हणाल्या, "कंपनी बरी की वाईट?"

आता चार लोकांत काय सांगायचं? मी म्हटलं, "औषधं चांगली आहेत तिची. पण ती दरवर्षी आपलं काहीतरी विकते आणि आलेले पैसे दाखवते. कारखाना विकला, जमीन विकली, खोकल्याचं औषध विकलं. नवीन काही लावत नाही."

"जमीन विकली?"

"कारखान्याखालची."

सासूबाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला.

"म्हणजे आपण आपली जमीन विकून पैसे तिच्यात घालायचे," त्या म्हणाल्या, "आणि ती तिची जमीन विकून बसलीय. मग तिनं कुणात घालायचे?"

नवऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पेढा घातला.

ते गृहस्थ मात्र एकदम पुढे सरकले. "कोणती कंपनी म्हणालात?"

नवऱ्याने नाव सांगितलं. गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला, "एक मिनिट हं" म्हणाले आणि फोन घेऊन माडाखाली गेले. आम्हाला अर्धंच ऐकू येत होतं. "नाही, तू आधी मधला भाग उघड... कारखाना विकलाय का ते बघ... मला काय माहीत, एक वहिनी सांगतायत..."

"यांचे पण अडकलेत," सासूबाई समाधानाने म्हणाल्या आणि पेढ्यांचा पुडा आपल्याकडे ओढला.

गृहस्थ परत आले तेव्हा जरा घामेजलेले होते. मी त्यांना सरळ सांगितलं की पट्टा आत्ता विकायचा नाही. नाही म्हणायचं कारण भावनेचं नव्हतं. पत्र्यांसाठी विकला असता तर मी स्वतः सासूबाईंना पेन उघडून दिलं असतं. पण मागच्या काही वर्षांत आमचं विकण्याजोगं सगळं विकून झालं होतं आणि हा पट्टा तेवढा उरला होता. तोही गेला असता तर पुढच्या वर्षी काय विकायचं, हा प्रश्न मला त्या कंपनीनेच घालून दिला होता. गृहस्थांनी फारसं वाईट वाटून घेतलं नाही. त्यांचं लक्ष फोनमध्येच होतं. पेढे त्यांनी परत मागितले नाहीत, आणि मागितले असते तरी पुडा रिकामा होता.

त्या पावसाळ्यात आम्ही पट्ट्यात आधी केळी लावल्या. पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, केळीची सावली लागते. मग केळींच्या मध्ये रोपं. खोल्यांचे पैसे आले तसे तिकडे गेले. नळी, शेणखत, गाईला अडवायला कुंपण. पत्रे गळतच राहिले. पाहुण्यांना मी सांगायची, पाऊस ऐकायला येता ना, मग ऐका जवळून.

आता खरं सांगायचं तर त्या कंपनीचा शेअर पडला नाही. चढला. कारखाना विकून आलेल्या पैशांतून तिने शेअरवाल्यांना दणदणीत वाटप केलं आणि सगळे खूष झाले. नवरा महिनोन् महिने रोज जेवताना भाव सांगायचा. भाजी वाढायची, भाव ऐकायचा. सासूबाई विचारायच्या, "मग नवं काय लावलं तिनं?" आणि तो म्हणायचा, "आई, तुला कळत नाही." मलाही सांगता येत नाही की तो चुकला. पुढे पडेल की चढेल हे त्या पानावर लिहिलेलं नसतंच. ती विकतेय की लावतेय, एवढंच लिहिलेलं असतं.

मग एक दिवस त्याने भाव सांगायचं थांबवलं. मी विचारलं नाही. फडताळात ठेवलेलं पातळ कॅलेंडर डब्याखालून काढलं, तर त्याच्या पाठीवर त्याच्या अक्षरात काहीतरी मांडलेलं. रोपं, खत, नळी, कुंपण, आणि प्रत्येकाभोवती नीट कंस. खाली कात्रीवाल्या कंपनीचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी कॅलेंडर परत होतं तसं ठेवलं. त्याने दुकानाच्या पैशांतून तिचे थोडेसे शेअर घेतले हे मला नंतर कळलं, आणि घेतले त्याच आठवड्यात ते पडले हेही.

"पडू देत," मी म्हटलं. "तुम्ही जरा रस्त्याकडचं पाणी बघता का? तिसऱ्या आळ्यात जात नाहीये."

तो गेला. हल्ली तोच जातो. रोपांशी मान वाकडी करून उभा राहतो आणि पान चुरडून बघतो, गोळीचं पाकीट बघावं तसं.

या हंगामात सुपारी उतरवणारा आला तेव्हा मी त्याला मुद्दाम पट्टा दाखवला. पोफळी कमरेपर्यंत आल्यात. त्याने केळीचं पान बाजूला करून एक एक बघितली.

"बेस आल्यात, वैनी."

"मग आता भोकाचे पैसे नाही ना लावायचे?"

"का न्हाय?" त्याने त्या कमरेएवढ्या पोफळीला हात लावून हलवलं. "माजा भार घेईल का ही? मग? मला उतरून चालायचंच हाय. आनि आता तर तुमची रोपं चुकवत चालायचं, म्हंजे जरा जास्तच लावायला पायजेत."

नवरा त्याच्या मागे नळी धरून उभा होता. तो मला म्हणाला, "दे. कंसात टाकू."